बुडालेल्यांचा रकाना

दोहाच्या राष्ट्रीय संग्रहालयात बडोद्याचा एक गालिचा आहे. खंडेराव गायकवाडांनी तो १८६५च्या सुमारास करवून घेतला. रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर पंधरा लाखांहून अधिक मोती शिवलेले आहेत आणि मधोमध हिऱ्यांची तीन फुले आहेत. मदिनेला पैगंबरांच्या समाधीसाठी तो अर्पण करायचा महाराजांचा मनसुबा होता असे सांगतात. १८७० साली खंडेराव गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. १९०२-०३च्या दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला. पुढे महाराणी सीतादेवींबरोबर तो मोनॅकोला गेला आणि १९ मार्च २००९ रोजी दोहातच, सदबीजच्या लिलावात, सुमारे पंचावन्न लाख डॉलरना विकला गेला. आखाताच्या तळातून निघालेले मोती जवळजवळ दीडशे वर्षांनी आखातात परत आले.

मराठी माणूस या गालिच्यापुढे उभा राहिला की त्याला थोडा अभिमान वाटतो, आणि ते साहजिक आहे. सोबत कोणी ज्येष्ठ बाई असतील तर त्या हमखास म्हणतात, "हे तर बसऱ्याचे मोती." आपल्या नथीतले, तन्मणीतले, चिंचपेटीतले मोती पिढ्यान्‌पिढ्या बसऱ्याचेच होते. पण बसरा हे बाजाराचे नाव. शिंपल्यांची खरी पठारे बहारीन, कतार आणि तिथून पुढे आजच्या अमिरातींच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली आहेत. ज्या समुद्रात माणसे उतरली त्याचे नाव मालाला लागले नाही. ज्या पेठेच्या नावाने माल ओळखला गेला, तेच चिकटले.

या लेखात मी वाचणार आहे ते याच समुद्राविषयीचे एकोणिसाव्या शतकातले लिखाण. कतारच्या किनाऱ्यावर त्या शतकात नावा बुडाल्या, जाळल्या गेल्या, तोफांनी फोडल्या गेल्या आणि माणसे मेली. हे आपल्याला कळते ते मुख्यतः चार ठिकाणांहून: मुंबई सरकारने छापलेले कागद, एका युरोपीय प्रवाशाचे पुस्तक, ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे एक अवाढव्य गॅझेटियर, आणि अलीकडे संगणकावर खुले झालेले दप्तर. ही चारही साधने मोलाची आहेत. ती नसती तर हा लेखही नसता. पण चारही एकत्र वाचली की एक गोष्ट लक्षात येते. समुद्रातली हानी कोणाच्या तरी मालमत्तेची, कराची किंवा दंडाची बाब झाली, तर ती कागदावर येते. नुसताच माणूस बुडाला तर त्याच्यासाठी रकाना नसतो.

मुंबईत छापलेला कतार

१८५६ साली मुंबईत एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून एक जाडजूड ग्रंथ निघाला. मुंबई सरकारच्या दप्तरातील निवडक कागदांच्या नव्या मालेतला हा चोविसावा अंक. इराणी आखातातल्या टोळ्या, बंदरे, तह आणि लढाया यांविषयी कंपनीच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेली टिपणे त्यात एकत्र केली आहेत. बॉम्बे मरीनच्या अधिकाऱ्यांनी १८२०च्या दशकात या किनाऱ्याची मोजणी केली. तिच्यावर आधारलेले कॅप्टन ब्रक्स यांचे नौकानयनाचे टिपणही त्यात आहे. खोल किती, तळ कसा, आसरा कुठे, गोडे पाणी कुठे मिळते, अशी ती माहिती. कतारचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही हा मुंबईचा ग्रंथ टाळता येत नाही.

याच ग्रंथात खोर हसनच्या रहमा बिन जाबिरवर स्वतंत्र प्रकरण आहे. खोर हसन हे कतारच्या वायव्य किनाऱ्यावरचे ठाणे. प्रकरणाचा पहिला भाग फ्रान्सिस वॉर्डनने लिहिला आणि १८२६मधल्या रहमाच्या मृत्यूपर्यंतचा पुढचा भाग लेफ्टनंट हेनेलने. म्हाताऱ्या, आंधळ्या झालेल्या रहमाने बहारीनच्या खलिफा घराण्याशी शेवटची झुंज दिली. नाव हातची जातेय असे दिसल्यावर त्याने आपल्या कोवळ्या मुलाला जवळ घेतले आणि दारूगोळ्याच्या कोठाराला आग दिली. स्फोटात दोन्ही बाजूंची माणसे गेली.

ही घटना पुढच्या दीडशे वर्षांत पुन्हा पुन्हा सांगितली गेली. चार्ल्स बेलग्रेव्हच्या १९६६च्या पुस्तकातही ती आहे. वाचताना आपणही थरारतो. पण ती कशी रचली आहे ते पाहा. सगळा प्रकाश एका माणसावर आहे: त्याचे अंधत्व, त्याचा सूड, त्याचा मुलगा. त्याच्याबरोबर त्या नावेवर असलेली माणसे स्फोटाच्या वर्णनात विरून जातात. त्यांतल्या किती जणांना मरायचे होते? सुकाणूवर कोण होता? मुलाची आई कोणत्या गावात वाट पाहत होती? हे प्रश्न त्या लिखाणाला पडत नाहीत, कारण ते कंपनीला उपद्रव देणाऱ्या एका सरदाराचा निकाल लागल्याची नोंद म्हणून लिहिले आहे.

'चाचा' या शब्दाचेही असेच. कान्होजी आंग्र्यांना मुंबईच्या याच कागदांत चाचा म्हटले गेले हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे, आणि तो शब्द वाचताना आपण मनात दुरुस्ती करून घेतो. रहमासाठी मात्र तीच दुरुस्ती आपण करत नाही. शारजाचे शासक सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी १९८६ साली आखातातल्या अरब चाचेगिरीच्या कल्पनेवर एक पुस्तक लिहिले. आपल्या पूर्वजांवरचा हा शिक्का कंपनीच्या व्यापारी हितातून कसा आला, हे त्यांनी दाखवायचा प्रयत्न केला. त्यासाठी त्यांनी जे कागद उलटेपालटे वाचले, त्यांत मुंबईच्या दप्तरखान्यातले कागदही होते. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष मान्य करायची गरज नाही. रहमासारख्या माणसाच्या हातून झालेली लूट खोटी ठरत नाही. पण कोणाचे जहाज लुटले की ती चाचेगिरी आणि कोणाचे जाळले की ते शासन, हा भेद लिहिणारा करतो, एवढे त्या पुस्तकानंतर विसरता येत नाही.

उदाहरण दोहाचेच घ्या. १८२०च्या सर्वसाधारण तहाचा भंग केल्याबद्दल शिक्षा म्हणून १८२१ साली कंपनीच्या 'वेस्टल' जहाजाने दोहावर तोफा डागल्या. गाव उद्ध्वस्त झाले आणि शेकडो लोक परागंदा झाले. असा काही तह झाला आहे आणि तो आपल्याला लागू आहे, हे त्या लोकांच्या गावीही नव्हते.

जो वाचला त्याने लिहिले

दुसरे साधन विल्यम गिफर्ड पॅलग्रेव्ह या इंग्रज प्रवाशाचे. सीरियन वैद्याचा वेश घेऊन तो अरबस्तानातून फिरला आणि १८६३च्या सुरुवातीला कतारमध्ये, आजच्या दोहाच्या जागी असलेल्या बिद्दा या गावात पोचला. तिथे त्याने मुहम्मद बिन सानी यांची भेट घेतली. त्याचे दोन खंडांचे पुस्तक १८६५ साली लंडनमध्ये निघाले, म्हणजे खंडेरावांचा गालिचा होत होता त्याच सुमारास. मोत्यावर जगणारे आणि मोत्यापुढे लाचार असलेले गाव, असे कतारचे चित्र त्याने रंगवले. ते इतके ठसले की आजही कतारवरच्या बहुतेक पुस्तकांत ते येते.

कतार सोडल्यावर मस्कतकडे जाताना ओमानच्या किनाऱ्याजवळ पॅलग्रेव्हचे जहाज बुडाले. तो पोहत किनाऱ्याला लागला, पण सोबतची काही माणसे बुडाली आणि त्याची टिपणेही गेली. एकोणिसाव्या शतकातल्या कतारचे सर्वांत गाजलेले वर्णन असे जहाजफुटीतून वाचलेले आहे, आणि तेही कागदावर नव्हे, लेखकाच्या आठवणीत. पुढे त्याच्या खरेपणावर अनेकांनी शंका घेतल्या. फिल्बीने तर त्याला जवळपास खोटाच ठरवले.

मला त्याच्या खरेपणापेक्षा दुसऱ्या गोष्टीत रस आहे. या किनाऱ्यांवरच्या त्या काळातल्या जहाजफुटीचे आतून केलेले, लाटा, अंधार आणि भीती यांसह आलेले वर्णन आपल्याला मिळते, कारण बुडणाऱ्यांत एक जण लिहिणारा होता आणि तो वाचला. त्याच समुद्रात दरवर्षी नावा उलटत होत्या, पण त्यांवर कोणी पॅलग्रेव्ह नव्हता. साहित्य म्हणून जहाजफुटीचा प्रकार असाच घडला आहे: प्रवासी हा नायक, खलाशी ही पार्श्वभूमी. ओल्या कपड्यांनी किनाऱ्यावर येऊन जो गोष्ट सांगतो, त्याच्या गोष्टीत बाकीचे फक्त बुडतात.

अंदाज आणि हप्ते

१८६७च्या ऑक्टोबरात बहारीन आणि अबू धाबी यांच्या नावांनी दोहा आणि वक्रा ही गावे लुटली. १८६८च्या जूनमध्ये कतारी लोकांनी उलट हल्ला केला. त्या समुद्रावरच्या लढाईत साठ नावा बुडाल्या आणि हजार माणसे मेली असे सांगितले जाते. साठ आणि हजार. दोन्ही आकडे इतके गोल आहेत की ते कोणी मोजलेले नाहीत हे उघड दिसते.

त्यानंतर आखातातले ब्रिटिश रेसिडेंट लुई पेली आले. ते तेव्हा मुंबई सरकारच्या हाताखाली होते. आता कागद एकदम नेमके होतात. बहारीनच्या शेखाने एक लाख डॉलर भरायचे, त्यांतले पंचवीस हजार रोख आणि बाकीचे ठरलेल्या तारखांना, वार्षिक हप्त्यांत. १२ सप्टेंबर १८६८ रोजी मुहम्मद बिन सानी यांनी करारावर शिक्का केला. कतारच्या टोळ्यांनी बहारीनला वर्षाला ९,००० क्रान द्यायचे ठरले, आणि त्याची वाटणीही लिहिली गेली. कतारचे वेगळे राजकीय अस्तित्व या करारापासून मोजले जाते, म्हणून तो इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात असतो. पण एकच प्रकरण सलग वाचले तर फरक डोळ्यांत खुपतो. मेलेल्यांच्या वाट्याला अंदाज आला आणि पैशाच्या वाट्याला हप्त्यांच्या तारखा.

६ सप्टेंबर १८९५ रोजी अल-झुबारा इथे ब्रिटिश युद्धनौका 'स्फिंक्स' आणि 'पिजन' यांनी तोफा डागून ४४ नावा नष्ट केल्या. बहारीनवर हल्ला करायच्या तयारीने त्या तिथे जमल्या होत्या, असे इंग्रजांचे म्हणणे. चव्वेचाळीस हा आकडा नेमका आहे, कारण मोजणारा तोफेमागे उभा होता. नावेचा आकडा मात्र माणसांच्या भाषेत आपल्यालाच बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी तिसरे साधन उपयोगी पडते.

जॉन गॉर्डन लॉरिमर हा हिंदी सनदी नोकरीतला अधिकारी. इराणी आखात, ओमान आणि मध्य अरबस्तान यांच्या त्याच्या गॅझेटियरचा भूगोलाचा खंड १९०८ साली आणि इतिहासाचा खंड त्याच्या मृत्यूनंतर १९१५ साली कलकत्त्यात छापला गेला, फक्त सरकारी वापरासाठी. मोत्यांच्या धंद्यावर त्यात एक मोठे परिशिष्ट आहे. लॉरिमरने माहिती गोळा केली तेव्हा कतारची स्थायिक वस्ती सुमारे २७,००० होती, मोत्याच्या नावा आठशेहून अधिक, आणि त्यांवर जाणारी माणसे बारा हजारांहून अधिक. बायका, मुले आणि म्हातारे वजा केले तर हाती धड असलेला जवळजवळ प्रत्येक पुरुष उन्हाळ्याचे चार महिने समुद्रावर होता. एका नावेवर सरासरी पंधरा-सोळा जण. ही सरासरी झुबाराच्या ४४ नावांना लावली, तर त्या सकाळी तोफांनी फोडली ती सहाशे-सातशे माणसांची बसायची जागा.

लॉरिमर वाचताना त्याच्या कष्टांपुढे मान लवते. बंदरागणिक नावा, नावांगणिक माणसे, हंगाम, कर, वाटणी, निर्यातीचे रुपये, सगळ्याचे तक्ते आहेत. पण त्या तक्त्यांत हंगामाहून परत न आलेल्यांचा रकाना नाही. हा विसर नाही, कारण लॉरिमर विसरणारा माणूस नव्हता. सरकारला जे जाणून घ्यायचे होते त्यात ही गोष्ट बसत नव्हती.

नाखुदाची वही

मग या माणसांची नावे कुठेच नव्हती का? एका जागी होती, आणि ती जागा आपल्याला परकी वाटू नये.

मोत्याच्या नावेवरचे शब्द मराठी कानाला लगेच ओळखू येतात. मालक-कप्तान तो नाखुदा. आपल्या कोळीवाड्यांत तोच फारसी शब्द 'नाखवा' होऊन बसला आणि आडनावही झाला. नावांचे सागवान मलबारचे. पाणबुड्याला वर ओढणाऱ्या दोरीवाल्याला सैब म्हणत आणि गाऊन कामाला लय देणाऱ्याला नहाम. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून, गळ्यात टोपली अडकवून खाली जाई. मिनिटभरात शिंपले ओरबाडून दोरीला हिसका दिला की सैब त्याला वर घेई. दिवसातून कितीतरी वेळा हेच. वादळाने नाव उलटे तेव्हा एकदम सगळे जात. एरवी माणसे एकेकटीच जात: दोरीचा हिसका वेळेवर न कळल्याने, छाती फुटल्याने, किंवा हंगामानंतर घरी, झिजून.

हंगाम सुरू होण्याआधी नाखुदा पाणबुड्याला घरखर्चासाठी आगाऊ रक्कम देई. मराठीत याला नेमका शब्द आहे: उचल. बीडच्या ऊसतोड कामगाराला मुकादमाकडून मिळते तीच. हंगामाच्या शेवटी हिशेब व्हायचा आणि उचल फिटायची नाही, मग ती पुढच्या वर्षावर जायची. पाणबुड्या मेला तर कर्ज मरत नसे. ते भावावर नाहीतर मुलावर यायचे, आणि ते फेडायला मुलगा त्याच नाखुदाच्या नावेवर चढायचा. बहारीनमध्ये ही प्रथा मोडायला १९२०चे दशक उजाडावे लागले.

म्हणजे बुडालेल्या पाणबुड्याचे नाव टिकले असेल तर नाखुदाच्या वहीत, देणेकरी म्हणून. सरकारी कागदात तो नावेच्या संख्येत विरलेला असतो आणि वहीत थकबाकीवर टांगलेला. दोन्हीकडे मृत्यू हा त्याच्या बाबतीतला मुख्य मुद्दा नाही.

आखातातला बराचसा मोती मुंबईला येई. तिथे त्याची प्रतवारी होई, तो विंधला जाई आणि पुढे संस्थानिकांकडे, लंडन-पॅरिसकडे जाई. मोत्याची किंमत ठरवायचे 'चव' हे हिंदी माप आखातातही चालत होते. त्यात वजनाचा वर्ग करतात, त्यामुळे दुप्पट जड मोत्याची चव चौपट होते. मोती तोलण्याचे शास्त्र इतके बारीक होते. खंडेरावांच्या गालिच्यातला प्रत्येक दाणा अशा किती हातांतून तोलला गेला असेल!

विजळी

इथे एका दुसऱ्या जहाजाची आठवण काढायला हवी. कारण मी जे म्हणतोय त्याला, 'तो काळच तसा होता, तेव्हा गरिबांच्या मरणाची कोण नोंद ठेवत होते,' असे उत्तर कोणीही देईल.

८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. मुंबईच्या शेफर्ड कंपनीची, १८८५ साली स्कॉटलंडमध्ये बांधलेली ही बोट. नाव आपल्या ठाण्याकडच्या नदीचे. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'विजळी' म्हणत. सातशेहून अधिक माणसे गेली. ना बोटीचे अवशेष सापडले, ना प्रेते. मुंबई सरकारने चौकशी नेमली आणि बोटीवर जीवरक्षक साधने पुरेशी नव्हती हे पुढे आले. पण चौकशीपेक्षा जास्त टिकले ते गाणे. हाजी कासमच्या विजळीचे गाणे सौराष्ट्रात आजही लोकांना येते. गुणवंतराय आचार्यांनी तिच्यावर गुजरातीत कादंबरी लिहिली.

गाणे म्हणजे इतिहास नव्हे. लोककथेत मृतांची संख्या तेराशेपर्यंत वाढली, बोटीत तेरा लग्नांची वऱ्हाडे चढली, आणि सगळे एका हाजी कासमच्या नावावर गोळा झाले. ती अतिशयोक्ती उघड आहे. पण त्या गाण्याने एक काम केले जे साठ आणि हजार या आकड्यांना जमले नाही. बुडालेले लोक कोणाचे तरी होते हे त्याने सांगितले. ते वऱ्हाडी होते, परीक्षेला निघालेली मुले होती, घरून निरोप घेऊन निघालेली माणसे होती. शिवाय त्यांच्याकडे तिकिटे होती. तिकीट असले की कंपनी जबाबदार ठरू शकते आणि चौकशी नेमता येते. कतारच्या पाणबुड्याकडे तिकीट नव्हते, उचल होती.

आखाताची बाजू अगदीच मुकी मात्र नाही. पाणबुड्यांच्या गाण्यांची परंपरा तिथे आहे. हंगाम लांबला की बायका किनाऱ्यावर जाऊन, समुद्राने आता तोबा करावी आणि माणसे परत द्यावीत, असे त्याला विनवत, धमकावतही. आपल्या नारळी पौर्णिमेहून हा सूर वेगळा आहे. आपण दर्याला नारळ देऊन शांत करतो, त्या त्याला जाब विचारत. १९२५ साली मोत्याच्या ताफ्यावर मोठे वादळ कोसळले तेव्हा ते वर्षच लोकांच्या तोंडी 'बुडाल्याचे साल' झाले. कोण कधी जन्मले ते त्या सालावरून सांगत. आपल्याकडे कोकणात 'रामदास बोट बुडाली तेव्हा' असे म्हणून १९४७ मोजणारे म्हातारे होते, तसेच हे. कागदाने जो रकाना ठेवला नाही तो लोकांनी दिनदर्शिकेतच आखून घेतला. एकोणिसाव्या शतकातल्या हानीचा शोध घ्यायचा तर लॉरिमरच्या तक्त्यांबरोबर ही दुसरी मोजणीही वाचली पाहिजे.

आज काय वाचायचे

२०१४ साली कतार डिजिटल लायब्ररी खुली झाली. कतार फाउंडेशन, कतारचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि ब्रिटिश लायब्ररी यांचे हे काम. इंडिया ऑफिसचे आखाताविषयीचे कागद, मुंबईचे ते १८५६चे पुस्तक, लॉरिमर, सगळे आता घरबसल्या, विनामूल्य वाचता येते. पूर्वी यासाठी लंडनला जावे लागे. या कामाचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण संगणकाची शोधाची खिडकी नाव मागते. 'पेली' लिहा, 'स्फिंक्स' लिहा, पानेच्या पाने समोर येतात. ज्याचे नाव कोणी लिहिलेच नाही त्याला शोधायला शब्दच नसतो. दप्तर जितके सोयीचे होते तितकी त्याची जुनी दृष्टी आपल्या नकळत आपली होऊन जाते. म्हणून आता वाचणाऱ्यावर जास्त जबाबदारी आहे.

मराठी वाचकावर तर विशेष. बडोद्याचे दप्तर मराठीतून, मोडीतून चालत होते. जवाहिऱ्यांच्या खरेदीचे, मोत्यांच्या भावाचे हिशेब त्या बाजूने वाचले गेले पाहिजेत, आणि आखाताच्या बाजूच्या कागदांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. एकोणिसाव्या शतकातली मराठी वर्तमानपत्रेही समुद्राच्या बातम्यांसाठी चाळायला हवीत. मोडी वाचू शकणारे, इंग्रजी दप्तरात वावरू शकणारे आणि वर्षानुवर्षे अरबी शेजारात राहून दोन शब्द अरबी बोलणारे लोक दोहा, दुबई, मस्कतच्या मराठी वस्तीत आहेत. विद्यापीठांनी हे करावे म्हणून वाट बघायची गरज नाही.

हे इतके मनावर का घ्यायचे, असे कोणी विचारेल. परदेशात राहणाऱ्याला याचे उत्तर माहीत असते. आपल्यातले कोणी इथे गेले की शोकाच्या आधी कागद सुरू होतात: मृत्यूचा दाखला, पारपत्र रद्द करणे, दूतावासाचे ना-हरकत पत्र, मालकाकडून हिशेब, विमानाच्या मालकक्षातली जागा. हे कागद लागतात आणि ते नीट असले तर घरच्यांचे हालही वाचतात. पण त्या कागदांतून पुढे कोणी या माणसाचा इतिहास लिहायला बसला तर त्याला काय सापडेल? पद, पगार, थकबाकी, वजन. मजूर वस्तीतल्या माणसाच्या बाबतीत तर तेवढेच. म्हणून १८६८चे साठ आणि हजार वाचताना मला ते फार जुने वाटत नाहीत.

अल-झुबारा हे मोत्यांवर उभे राहिलेले गाव १८११ साली जाळले गेले. २०१३पासून ते जागतिक वारसा आहे. तिथल्या उत्खननात एका घराच्या भिंतीच्या गिलाव्यावर कोरलेली एक नाव सापडली. डोलकाठी आणि दोऱ्यांसकट, नाव ओळखणाऱ्याच्या हाताने कोरलेली. खाली सही नाही. संग्रहालयात मोत्यांचा गालिचा पाहिल्यावर गाडी काढून तासा-दीड तासात झुबाराला जाता येते. दोन्ही एकाच दिवशी पाहावेत, आणि गालिच्यावरचे मोती कोणत्या नावांतून वर आले असतील याचा अंदाज त्या वाळूत उभे राहून करावा.